धुऱ्यावरचे दिवे

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. युसूफ वडगावच्या शिवारात, आमच्या आणि थोरल्या चुलत्यांच्या रानामधल्या धुऱ्यावर आम्ही दहा-बारा माणसे उभी होतो. हरभरा वीतभर झाला होता आणि दहिवर अजून वाळले नव्हते. मोजणीला आलेल्या भूकरमापक साहेबांनी पेटीतून उपड्या वाडग्यासारखे एक पांढरे यंत्र काढले, दोन मीटरच्या काठीच्या टोकावर फिरवून बसवले आणि त्याचे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरले. बारीक आवाज झाला. सगळे दिवे एकदम लागले, विझले आणि मग एकेक करून लुकलुकू लागले.

चुलतभाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणतो. म्हणजे म्हणत असे. या धुऱ्यावरून आमचे बोलणे बंद होऊन नऊ वर्षे झाली होती. दादा माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाले, "हिरवा लागला. म्हंजी झालं का?"

साहेब हसले. "लागला म्हणजे यंत्र चालू झालं. आपण कुठं उभे आहोत ते अजून त्याला कळायचंय."

चालू होणे आणि कळणे यांतला हा फरक मला त्या दिवसापासून सोडत नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. एका संस्थेत हिशेबनीस म्हणून नोकरी केली आणि वीसएक वर्षे सुट्टीच्या दिवशी जुने महसुली कागद वाचत बसलो. निजामकाळातल्या कागदांपायी चाळिशीत उर्दू लिपी शिकलो. पण हे सगळे वाचन दुसऱ्यांच्या जमिनींचे होते. स्वतःच्या धुऱ्यावर उभे राहिल्यावर त्याचा कस लागला. जमीन मोजणाऱ्याला 'कळले' असे कधी म्हणता येते, आणि कुणाच्या भरवशावर, याचा शोध मी या लेखात घेतो आहे.

*

मोजणीतला दिवा आजचा नाही. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. एक रेषा अत्यंत काळजीने मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे, म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. असे त्रिकोण जोडत हे काम दक्षिणेतून निजामाच्या मुलखात, बीदरच्या बाजूला आले आणि उत्तरेकडे सरकले. कोन घेण्याचे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे होते आणि ते उचलायला माणसांची फौज लागे. काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन हिंगणघाट येथे वारला. त्याची समाधी तिथेच आहे. पुढे सूत्रे जॉर्ज एव्हरेस्टकडे गेली.

कोन घ्यायचा तर समोरच्या टेकडीवरची खूण दिसली पाहिजे. दिवसा दख्खनच्या हवेत धूळ आणि झळा. पंधरा-वीस कोसांवरचे निशाण दिसायचे नाही, दिसले तर थरथरायचे. एव्हरेस्टने रात्रीचा आधार घेतला. अंधार पडल्यावर धूळ खाली बसते आणि हवेच्या थरांतून प्रकाश किंचित वाकत असल्याने दिवसा क्षितिजाआड असलेली खूणही कधीकधी वर येते. मग दूरच्या टेकड्यांवर दिवे आणि निळ्या ज्योतीचे दारूकाम पेटवायचे, आणि दुर्बिणीतून तो ठिपका पकडायचा. दिवसासाठी गाउसने शोधलेले हेलिओट्रोप, म्हणजे सूर्यकिरण नेमके एका दिशेला फेकणारा आरसा, वापरात आला.

यातला महत्त्वाचा माणूस दुर्बिणीमागचा नव्हे, दिव्याजवळचा. खलाशी म्हणून नेमलेली ती माणसे अनोळखी टेकडीवर रात्र-रात्र दिवा राखत बसत. ज्योत हलली, दिवा खुणेच्या नेमक्या ठिपक्यावरून सरकला, तर कोन चुकणार आणि ती चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात चढत जाणार. एव्हरेस्टचे नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला लागले. दिवा राखणाऱ्यांची नावे शिखराला तर नाहीच, पण बहुधा कुठेच लागली नाहीत. तरी तत्त्व त्यांनी सांभाळले ते आजही तेच आहे: आपली जागा कळायची तर ज्याची जागा आधीच ठाऊक आहे अशा कुणाचा तरी दिवा दिसला पाहिजे.

*

हे झाले देशाच्या नकाशाचे. शेतकऱ्याचे वावर असल्या त्रिकोणांत कधी आले नाही. त्याची मोजणी वेगळ्या वाटेने चालली, जमिनीवरून आणि साऱ्यासाठी.

शिवकाळात काठीने मोजणी होई. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर. उत्तरेत अकबराच्या काळात तागाची दोरी बाजूला सारून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आणली गेली. कारण साधे होते. दोरी ओली झाली की आखडते आणि मोजमाप बदलते. मोजणीच्या इतिहासात माप सुधारण्याची पहिली धडपड ही अशी, आकुंचन-प्रसरण टाळण्याची आहे.

इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात १८२० च्या दशकाअखेरीस प्रिंगल याने मोजणी आणि आकारणी केली. कागदावर तिचे तत्त्व मोठे शास्त्रीय होते. निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा. पण खाली शिवारात मोजमापे चुकीची झाली, प्रतवारीत लबाड्या झाल्या, सारा डोईजड झाला आणि रयत गाव सोडून गेली. या अपयशातून १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले. त्यांनी तत्त्वाची मिजास सोडली. प्रत्येक वावराला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला दगड-बांधांच्या कायम खुणा, आणि तीस वर्षे न बदलणारा आकार. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की झाली. पुढे निजामाच्या राज्यातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या टप्प्यात मोजणी आली ती याच मुंबई पद्धतीच्या वळणावर. आमच्या मराठवाड्याचे सर्व्हे नंबर, सेतवार आणि टिपणे या घरातली आहेत.

या मोजणीचे हत्यार म्हणजे शंकू आणि साखळी. काटकोन पाडायला शंकू आणि लांबीला साखळी. साखळी तेहेतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. रुपयाचे सोळा आणे ज्याला कळतात त्याला जमीन कळावी, अशी ही सोय. आजही आमच्याकडे कुणी जमीन मीटरात सांगत नाही. सातबारा हेक्टर-आर बोलतो आणि माणूस गुंठे बोलतो.

साखळीचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण पुढे त्यांच्याशी काम आहे. लोखंड उन्हात वाढते. सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात पंचवीस अंशांचा फरक धरला तर साखळीमागे तीनएक मिलिमीटर. ते सोडून देता येईल. पण साखळी वर्षानुवर्षे ओढली जाते, कड्या झिजतात, वाकड्या-सरळ होतात. तेहेतीस फुटांची साखळी एक इंच वाढली आणि कुणी ती तपासली नाही, तर एकरामागे गुंठ्याचा पाचवा हिस्सा, सुमारे २२० चौरस फूट जमीन कागदावर येतच नाही. ती असते मात्र तिथेच, कुणाच्या तरी नांगराखाली.

*

आता त्या पांढऱ्या यंत्राकडे येतो. त्याला रोव्हर म्हणतात. गेल्या काही वर्षांत राज्यात मोजणीसाठी ते सर्रास आले आहे. दिव्यांची मांडणी बनावटीप्रमाणे बदलते, पण त्यांचे बोलणे साधारण एकच असते. एक दिवा सांगतो, वीज आहे. दुसरा सांगतो, उपग्रह दिसत आहेत. तिसरा सांगतो, दुरुस्तीची माहिती येते आहे. चौथा सांगतो, साहेबांच्या हातातल्या पाटीशी माझी जोडणी आहे. चारही दिवे लागले तरी प्रश्न उरतो तो उरतोच, आणि त्याचे उत्तर पाटीवर येते.

उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर. अमेरिकेच्या जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये वर गेला आणि ही व्यवस्था १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाली. सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे २००० च्या आरंभी ती काढण्यात आली. आज रशिया, युरोप, चीन यांचेही उपग्रह आहेत आणि आपल्या नाविक मालिकेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला. तिथून निघालेला संदेश शेतापर्यंत यायला सेकंदाचा लहानसा भागच लागतो. तो वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचे. पण सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली की तीस सेंटीमीटर गेले. शिवाय वाटेतल्या हवेच्या थरांत संदेश रेंगाळतो. म्हणून एकट्या यंत्राला चार-पाच मीटरांच्या अलीकडचे सांगता येत नाही. तेवढ्यात आमचा धुरा, नीम आणि नऊ वर्षांचे भांडण, सगळे मावते.

यावर तोड तीच, टेकडीवरच्या दिव्याची. ज्याची जागा नेमकी ठाऊक आहे अशा ठिकाणी एक यंत्र कायमचे बसवायचे. त्याला उपग्रहांकडून स्वतःची जी जागा कळते आणि जी खरी आहे, त्यांतला फरक म्हणजे त्या घटकेची चूक. ती चूक ते आसपासच्या रोव्हरांना कळवत राहते. भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्याच्या भूमी अभिलेख विभागाबरोबर महाराष्ट्रात अशी सत्तरहून अधिक केंद्रे उभारली आहेत. त्यांची माहिती मोबाइलच्या जाळ्यातून येते. आमच्या ओढ्याकडच्या बाजूला मोबाइलला धड रेंज नाही. साहेब काठी घेऊन तिकडे उतरले की तिसरा दिवा थांबायचा, वर आले की लागायचा. एव्हरेस्टचा खलाशी झोपला की असेच होत असणार.

शेवटची पायरी सर्वांत नाजूक. सेंटीमीटरपर्यंत जायचे तर रोव्हर संदेशाच्या लाटाच मोजतो. एका लाटेची लांबी सुमारे एकोणीस सेंटीमीटर. लाटेचा कितवा भाग पोचला हे त्याला नेमके कळते. उपग्रहापासून इथवर पूर्ण लाटा किती आल्या, हे मात्र कळत नाही. तो आकडा अपूर्णांकात घुटमळतो तोवर पाटीवर 'फ्लोट' दिसते. अनेक उपग्रहांचा मेळ बसून पूर्णांक हाती लागला की 'फिक्स'. मग चूक दोनएक सेंटीमीटरांवर येते. फ्लोटमध्येही आकडे दिसतात, दशांश चिन्हापुढे तीन-तीन आकडे, अगदी ठामपणे. अनुभवी मोजणीदार ते लिहून घेत नाही, थांबतो. साहेब त्या सकाळी तीन वेळा थांबले. माझ्या लेखी त्यांची खरी विद्या ही होती.

*

आता मूळ प्रश्न. फिक्स म्हणजे काय कळले? आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत, एवढेच. हद्द कुठे आहे ते उपग्रहाला ठाऊक नाही. ती कागदात आहे.

आणि कागद कसा आहे? समजा गावनकाशा मैलाला आठ इंच या प्रमाणावर आहे. त्यावर टाकाने ओढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. दोन सेंटीमीटरच्या यंत्राने चार मीटरची रेघ शोधणे म्हणजे सोनाराच्या काट्यावर गाडीभर कडबा तोलण्यासारखे आहे. म्हणून जाणता मोजणीदार नकाशावर थांबत नाही. तो टिपणाकडे आणि फाळणीकडे जातो, जिथे साखळी आणि आण्यांचे मूळ आकडे लिहिलेले असतात. यंत्र कितीही नवे असले तरी निवाडा त्या जुन्या हाताचा.

आमचे रान आजोबांनंतर वडील आणि थोरले चुलते यांच्यात फोडले गेले. पश्चिमेचा भाग आमचा, पूर्वेचा त्यांचा. फाळणीत आमच्या भागाची रुंदी ११ साखळ्या ६ आणे. म्हणजे ३७५ फूट साडेचार इंच. रोव्हरने पश्चिमेच्या शिवेपासून आजच्या धुऱ्यापर्यंत मोजले तर ते कुठे एक फुटाने जास्त, कुठे पावणेदोन फुटांनी. जास्त, म्हणजे आमच्याकडे. सहाशे फूट लांबीवर तो पाऊण गुंठा होत होता.

नऊ वर्षे मी म्हणत होतो की दादा धुरा कोरतात.

त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आले ते लिहिलेच पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. मला साखळीचा एक इंच आठवला. फाळणीच्या वेळची साखळी इंचभर वाढलेली असेल, तर अकरा साखळ्यांत अकरा-साडेअकरा इंच आमच्या बाजूने जातात, आणि उरलेला फरक नांगराच्या तासाएवढा. वीस वर्षांच्या वाचनाने मला एक देखणा बचाव दिला होता. तो मी साहेबांना सांगितलाही. ते म्हणाले, "होऊ शकतं. मग जुनी खूण दाखवा. दगड असेल तर माझं यंत्र आणि तुमची साखळी, दोन्ही मागं."

उत्तरेच्या टोकाला नीम आहे. वडिलांनी लावलेला. त्याच्या बुडाशी पूर्वी दगड होता असे गावातले एक म्हातारे सांगत. निमाखाली काठी धरली की आकाश झाकले जायचे, उपग्रह कमी व्हायचे आणि पाटीवर फ्लोट. जिथे खूण होती तिथेच यंत्र आंधळे. साहेबांनी मग मोकळ्या रानात दोन बिंदू घेतले आणि तिथून फीत लावून निमापाशी खुंटी मारली. दादांच्या मुलाने टिकाव घेतला. दीड हातावर, मुळीच्या विळख्यात, घडीव दगड लागला. खुंटीपासून चार बोटांवर आणि आमच्या नांगरटीच्या पूर्ण आत.

साखळी बरोबर होती. वाढला होता तो नांगर. वडील दरसाल एक तास जास्त धरत असतील, किंवा त्यांच्यानंतर मी लावलेला ट्रॅक्टर धरत असेल. आता ते वेगळे काढता येणार नाही. दक्षिणेच्या टोकाला ओढ्याने काठ खाल्ला आहे. तिथे कुठलाच दगड मिळाला नाही आणि यंत्राचा बिंदू हाच आधार राहिला. तिथली चूक कुणाची, साखळीची, ओढ्याची की आमची, ते मी ठरवू शकत नाही. उत्तरेच्या दगडाने मला जे सांगितले त्यावरून दक्षिणेचे वाद घालायचा हक्क माझा मला वाटला नाही.

मी म्हणालो, "दादा, दगड आत आहे. आमच्याकडनं गेलंय."

ते बराच वेळ दगडाकडे बघत होते. मग म्हणाले, "नीम कुणाच्यात येतोय?"

साहेबांनी पाटीकडे पाहिले. रेघ खोडावरून जात होती.

"राहू दे तसाच," दादा म्हणाले. "तोडू नको."

*

मोजणीचा इतिहास सामान्यतः अचूकतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो: दोरी, काठी, साखळी, थिओडोलाइट, रोव्हर. चूक हातावरून बोटावर आली, बोटावरून नखावर. ते खरे आहे. पण प्रिंगलचे काम बुडाले ते तत्त्व अपुरे होते म्हणून नव्हे. खाली शिवारात कागदावर चढलेला आकडा खरा नव्हता म्हणून बुडाले. विंगेटचे टिकले कारण त्याने रयतेला बोट ठेवून दाखवता येईल असा दगड दिला. रोव्हर हे फार गुणी यंत्र आहे. आपल्याला अजून कळलेले नाही, हे ते स्वतः सांगते, आणि मोजणीच्या हत्यारांत हा गुण नवा आहे. साखळी कधी म्हणाली नाही की मी वाढले आहे. पण यंत्र फ्लोट म्हणत असताना थांबायचे की आकडा उचलायचा, हे काठी धरणाऱ्यावर आहे. हाती आलेला बचाव वापरायचा की दगड उकरायचा, हे वावर धरणाऱ्यावर.

दुपारी साहेबांनी बटण पुन्हा दाबून धरले. दिवे एकेक करून विझले. यंत्र पेटीत गेले. दोन नवे दगड पुरायचे होते. एक टोक दादांनी उचलले, दुसरे मी.